डावा कोपरा

आमच्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटला रबर बँड गुंडाळलेलं आहे, आणि त्याचं कारण मी आहे. कबड्डी चालू असताना हिच्या हातात काही देऊ नका, असं आमचे हे आल्यागेल्याला सांगतात. सांगू देत. ज्या माणसाने चौकार-षटकारांखेरीज कशाला टाळी वाजवली नाही, त्याच्याकडून मला खेळ शिकायचा नाही. मी महाडात जन्मभर शाळेत शिकवलं, पण त्याआधी मी स्वतः शाळेच्या संघातून खेळलेली आहे, डाव्या कोपऱ्यावर. गुडघ्यांवरचे व्रण अजून आहेत. तेव्हा कबड्डीबद्दल माझी मतं आहेत, आणि ती कुणी विचारण्याची मी वाट बघत बसत नाही.

पहिलं मत असं, की चढाईपटूंचं फार कौतुक होतं. तो मांडीवर थाप मारणार, केसांतून हात फिरवणार, आणि लोक त्याचेच व्हिडिओ काढणार. अहो, पण आत शिरलेल्याला धरतं कोण? सात जण अर्धगोल करून उभे असतात, त्यातल्या दोन टोकांना कोपरा म्हणतात. कोपऱ्यावरचा माणूस खाली वाकून समोरच्याच्या पायाकडे बघत असतो. तोंडाकडे नाही, हाताकडे नाही, पायाकडे. पाय अर्धा क्षण जास्त टेकला की तो घोट्यावर झेप घेतो. मग बाकीचे धावून वर पडतात, आणि टाळ्या मिळतात सगळ्यात वर पडलेल्याला. कोपरेवाला तळाशी, तोंडात माती. ती माती मी खाल्लेली आहे, म्हणून बोलते.

आमच्या भागातले संघ म्हणाल, तर महाड शहराचा संघ मला आवडतो, पण चिडून आवडतो. पोरं देखणी, जर्सी दर मोसमाला नवी, आणि एक गुण गेला की सगळी पंचाभोवती गोळा. अरे, तेवढा दम चढाईत घाला की! तरी त्यांचे मधले दोघे साखळी धरून सरकतात ते बघत राहावं असं असतं. एकाने नुसती मान हलवली की दुसऱ्याला कळतं. दासगावची पोरं अगदी उलट. तोंडातून शब्द नाही. सावित्रीचं पाणी पावसाळ्यात त्यांच्या मैदानावरून जातं, आणि ही पोरं दिवाळीनंतर गुपचूप नवी माती टाकून परत वाकून उभी. हरली तरी समोरच्याच्या पाठीवर थाप देऊन जातात. त्यांच्याबद्दल मी वाकडा शब्द ऐकून घेत नाही. पाचाडकडच्यांना तर दमच लागत नाही. गडाच्या पायथ्याला वाढलेली ती माणसं. सामना संपत आला की बाकीचे गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकतात आणि हे नुकतेच जेवून उठल्यासारखे ताजे.

आणि मग कंपनीचा संघ. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने पगार देऊन बांधलेला. पायात बूट, खाली मॅट, सकाळी सराव, दुपारी हजेरी. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मी नाक मुरडलं होतं, मातीशिवाय कसली मेली कबड्डी म्हणून. पहिल्या दोन-चार चढायांतच नाक जागेवर आलं. आरडाओरडा नाही, पंचाकडे बघणंसुद्धा नाही. कर्णधार पाठीमागे दोन बोटं दाखवतो, आणि सगळेच्या सगळे एकदम अर्धं पाऊल मागे. खेळ हे काम, आणि काम नीट करायचं. मास्तरीण आहे मी, मला शिस्तीचं कौतुक असणारच. आमचे हे म्हणतात, "तुला त्या कंपनीत नोकरी देत नाहीत म्हणून, नाहीतर तू रोज डबा घेऊन गेली असतीस." खरंच गेले असते.

त्या संघात एक जागा रिकामी झाली, आणि ती नेमकी डाव्या कोपऱ्याची होती.

माझा पुतण्या, माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा, तेव्हा त्याच कंपनीत कंत्राटावर होता. आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीत. तिथून मोटारसायकलवर खाली उतरायचं, रसायनांच्या पिंपांची चढउतार करत पाळी भरायची, आणि परत जाताना महाडच्या मैदानावर सराव करायचा. पिंपं उचलून मनगटं अशी झाली होती की त्याने धरलेलं सुटत नसे. डावा कोपरा. लहानपणी अंगणात त्याला वाकायला मी शिकवलं, हे मी सांगणार नव्हते, पण निघालंच तोंडातून. संघात घेतलं तर नोकरी कायम होणार होती. नाहीतर कंत्राट संपलं की मुंबई. गावातल्या निम्म्या पोरांसारखं कुठल्यातरी इमारतीच्या गेटवर बसायचं, आणि खेळ कायमचा बंद. लग्नाची बोलणीसुद्धा "आधी नोकरीचं काय ते कळू द्या" म्हणून थांबलेली. ही जागा गेली तर दुसरी नाही, हे घरातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

कंपनीचे प्रशिक्षक मोजकं बोलणारे गृहस्थ. ते पुतण्याला म्हणाले, "चाचणीत सगळेच वाघ असतात. मला तुला गर्दीत बघायचंय. शिमग्याला तुमच्या गावात सामना असतो म्हणतात. मी येतो."

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवीच्या अंगणात सामना होतो. त्याची एक रीत आहे. सकाळी गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो आणि त्यात सातही खेळाडूंची नावं देवीला सांगतो. ह्या लेकरांना पदराखाली घे, म्हणतो. एकदा नाव सांगितलं की सांगितलं. बाहेर नियमांप्रमाणे बदली खेळाडू उतरतो. आमच्या अंगणात सातांतल्या कुणाला खरोखर दुखापत झाली तरच आठवा आत जातो. आणि दुसरी रीत अशी, की मुंबईहून आलेल्याचं नाव आधी घ्यायचं. तो वर्षभर देवीपासून लांब राहिलेला असतो ना.

डाव्या कोपऱ्याचं नाव कित्येक वर्षं भावजींचं होतं. भावजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, मुंबईला वॉचमन. वर्षभर दुसऱ्यांची दारं राखायची आणि शिमग्याला गावी यायचं, ते दोन गोष्टींसाठी. एक, दुपारी त्या कोपऱ्यावर उभं राहायचं. दोन, संध्याकाळी देवीची पालखी त्यांच्या दाराशी आली की पुढच्या दांडीला खांदा देऊन ती नाचवायची. तरुणपणी काय खेळायचे भावजी! घोटा धरला की समोरचा जागच्या जागी बसायचा. पण ते तरुणपणी. आता पोट सुटलं होतं, वाकले की गुडघे कडकड वाजायचे. आम्ही दोघं वर्षाला एकदा भेटणार आणि एकमेकांची टर उडवणार, हे ठरलेलं. ते मला "गुरुजी वहिनी" म्हणायचे.

त्या वर्षी त्यांचा फोन आला होता, "रजा नाय भेटत, ह्या वेळी जमनार नाय." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि पुतण्याचं नाव गृहीत धरलं. प्रशिक्षकांना निरोप गेला.

आणि शिमग्याच्या सकाळी, गाऱ्हाणं सुरू व्हायच्या तोंडावर, भावजी खांद्याला बॅग लावून चढण चढत आले. कुणाशी तरी पाळी बदलून, रात्रभर उभ्याने प्रवास करून. "आलो गो आये!" असं देवळाच्या पायरीवरूनच ओरडले. मग काय, सगळा गाव खूश. कुणी बॅग घेतली, कुणी पाणी दिलं. पुतण्याने तर वाकून पाया पडून त्यांना मिठीच मारली. त्या आनंदाच्या भरात गुरवाने नेहमीच्या सवयीने नावं घेतली, डाव्या कोपऱ्याला भावजींचं नाव घेतलं, आणि सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. पुतण्यानेही म्हटलं. नारळ फुटला. आणि मग हळूहळू एकेकाचं तोंड उतरत गेलं. प्रशिक्षक तर घाट चढायला लागलेही असतील.

मी गुरवाकडे गेले. म्हटलं, "अहो, बदला की नाव. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आता नाय बदलता येत, बाय," ते म्हणाले. "तिच्या कानावर गेलं. आता तिला काय सांगू, चुकून बोललो?"

पुतण्याला म्हटलं, काकांना सांग. तर तो माझ्यावरच उखडला. "काकू, त्यांच्यापुढं बोलायचं नाय हां. काका एका दिवसासाठी येतात. गेली नोकरी तर गेली." हा आमचा गुणाचा बाळ! डोळे भरलेले, आणि तोंडाने म्हणे गेली तर गेली. माझ्या अंगाची आग आग झाली.

मग मी सरळ भावजींनाच गाठलं. ते ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होते. सगळं सांगितलं. कंपनी, जागा, प्रशिक्षक, थांबलेलं लग्न. वर म्हटलं, "भावजी, आता तुमच्याआधी तुमचं पोट मैदानात जातं. लाज बाळगा जरा."

ते हसले नाहीत, एरवी हसले असते. तेलाची बाटली बंद करत म्हणाले, "वहिनी, देवीला नाव सांगितलंय. तिथून उठून कसा जाऊ? वर्षभर ह्याच्यावरच जगतो मी." पण राग काही गेला नाही.

दुपारी पाचाडकडचा संघ आला, प्रशिक्षक आले. त्यांना झाडाखाली खुर्ची दिली, सरबत दिलं. त्यांनी मैदानावर नजर टाकली, डाव्या कोपऱ्यावर पोट सुटलेला माणूस बघितला, आणि पुतण्याला सातांत न बघून शेजारच्याला काहीतरी विचारलं. शेजारच्याने देवीकडे बोट दाखवलं. पुतण्या खांद्यावर टॉवेल टाकून रेषेबाहेर बसला होता, आणि मोठमोठ्याने "काका, खाली राहा, खाली राहा" म्हणून धीर देत होता.

पाचाडकडच्यांना आमची डावी बाजू कच्ची आहे हे कळायला कितीसा वेळ लागणार? जो येईल तो तिकडेच. भावजी वाकायचे, हात पोचेपर्यंत पाय निघून गेलेला असायचा. गुणांमागून गुण गेले. लोक आधी हसत होते, मग गप्प झाले. मी मात्र गप्प बसले नाही. "अहो, पायाकडे बघा पायाकडे! तोंडात काय बघताय त्याच्या!" असं मी बायकांमध्ये उभी राहून ओरडत होते, आणि जाऊबाई माझा पदर ओढत होत्या. मध्यंतर झालं. प्रशिक्षकांनी मोबाइल काढून वेळ बघितली. भावजी पाणी पीत होते. त्यांनीही प्रशिक्षकांकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला.

मध्यंतरानंतरची पहिलीच चढाई. त्यांचा पोरगा आत आला, भावजींनी घोट्यावर झेप घेतली, हात सुटला, आणि ते आडवे पडले. "आये गो! मेलो!" पाय धरून मातीत लोळायला लागले. चार जणांनी उचलून बाहेर आणलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अस्सा आनंद झाला, की मी तो तोंडावर दिसू नये म्हणून पदर तोंडाला लावला, आणि जाऊबाईंना वाटलं मी रडतेय.

गुरवाने देवळाकडे बघून हात जोडले आणि मान हलवली. पुतण्या उठला. तो काकांकडे वळला, तर भावजी कळवळत त्याच्यावर ओरडले, "माझ्याकडं काय बघतोस? पायाकडं बघ त्यांच्या. जा!"

काय खेळला म्हणून सांगू! पहिल्या चढाईला त्याने काहीच केलं नाही, नुसता बघत राहिला. दुसऱ्याला तेच. त्यांचे चढाईपटू निर्धास्त झाले, डाव्या बाजूची सवयच लागलेली त्यांना. तिसऱ्या वेळी त्याने घोटा धरला. आवाजसुद्धा झाला नाही. तो पोरगा मध्यरेषेकडे झेपावला आणि होता तिथेच राहिला. मग आणखी एक, मग आणखी एक. शेवटी आमचे तिघेच मैदानात उरले असताना त्यांचा सगळ्यात तगडा गडी आत आला. पुतण्याने एकट्याने त्याला खाली आणलं आणि बाकीचे दोघे पोचेपर्यंत धरून ठेवलं. मी कुणाच्या तरी पाठीत गुद्दा घातला. नंतर कळलं ते गावचे पोलीस पाटील होते. आम्ही सामना हरलो, थोडक्यात हरलो. पाचाडकडचे तेव्हाही ताजेतवानेच होते, शाबास त्यांची. पण मैदानावर धूळ खाली बसायच्या आत प्रशिक्षक खुर्चीतून उठले होते.

"सोमवारी सकाळी मैदानावर ये," ते पुतण्याला म्हणाले. "बूट आहेत?"

"नाय, सर."

"मिळतील."

एवढंच. आमच्या मोठ्या दिरांनी तिथेच खाली बसून घेतलं.

भावजींच्या घरी आल्यावर मी त्यांच्या पायासाठी हळद आणि चुन्याचा लेप गरम केला. मन भरलं होतं, राग कुठल्या कुठे पळाला होता. त्यांच्या घोट्यावर लेप लावताना बघितलं, सूज फारशी दिसेना. मी दाबून बघितलं. "आई गं" म्हणाले ते, पण जरा उशिरानेच म्हणाले. मी म्हटलं, हे आधीपासूनच सोंगाडे. वर कापडाची पट्टी घट्ट बांधली आणि बजावलं, "आज पालखी नाही हं भावजी. पाय टेकायचा नाही." त्यांनी एकदा दाराबाहेर बघितलं, आणि नुसतं "व्हय" म्हणाले.

सांजावताना पालखी आमच्या आळीत आली. ढोल, सनई, गुलाल. मी भावजींच्या शेजारी ओट्यावर बसले होते. ते भिंतीला टेकून, पट्टीचा पाय लांब करून. दरवर्षी पालखी दाराशी थांबायची आणि भोई पुढची दांडी सोडून बाजूला व्हायचे, भावजींसाठी. ह्या वर्षीही थांबली. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. भावजींनी बसल्या जागेवरून हात जोडले. तेव्हा पुतण्या गर्दीतून पुढे आला, "काका, तुमचा खांदा मी देतो" म्हणाला, आणि दांडीखाली शिरला. ढोल चढला. पालखी वर गेली, खाली आली, गर्रकन फिरली. पोरगं बेभान नाचत होतं.

आणि माझं लक्ष खाली गेलं. पट्टी बांधलेला तो पाय ढोलाच्या ठेक्यावर नाचत होता. घोटा लवत होता, वळत होता, टाच ओट्यावर आपटत होती. नुकत्याच मुरगळलेल्या पायाला हे जमत नाही. मी वर बघितलं. भावजी हसत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी बघितलं हे त्यांना कळलं. पाय थांबला.

"देवीला सांगितलंय मी," ते हळूच म्हणाले. "पडलो तेव्हाच सांगितलं. खोटं बोलतोय, माफ कर म्हटलं."

सकाळपासून ह्या माणसाला मी काय काय बोलले होते!

"पोराला नका सांगू, वहिनी. त्याला कळलं तर सोमवारी जायचा नाय तो, वेडा हाय." मग पालखीकडे बघत म्हणाले, "आता कोपऱ्याला त्याचंच नाव. दरवर्षी येईन मी, आन दरवर्षी माझा पाय दुखेल."

पालखी आणखी एकदा फिरायला दाराशी आली. ढोलवाल्यांनी जोर केला, आणि त्यांचा पाय परत सुरू झाला. त्यांना ते कळतही नव्हतं. समोर अख्खा गाव उभा, पुतण्याचं तोंड आमच्याकडे वळत होतं. मी माझा पदर सोडवून त्या पायावर टाकला.

"भावजी, पाय आवरा," मी म्हटलं. "दुखतोय तुमचा."